त्रेचाळीस मतांचा गव्हर्नर : अ‍ॅरिझोना, १९१६

७ नोव्हेंबर १९१६ रोजी अ‍ॅरिझोनात गव्हर्नरपदासाठी मतदान झाले. अधिकृत मोजणीत रिपब्लिकन उमेदवार टॉमस कॅम्पबेलला २७,९७६ मते पडली आणि पदावर असलेल्या डेमोक्रॅटिक जॉर्ज हंटला २७,९४६. फरक तीस मतांचा. तेरा महिन्यांनी, २२ डिसेंबर १९१७ ला, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की निवडून आला होता तो हंट, आणि त्याचे मताधिक्य त्रेचाळीस. तोवर कॅम्पबेलने जवळजवळ वर्षभर राज्य चालवले होते. विधिमंडळाने पाठवलेली विधेयके त्याच्या टेबलावर आली होती, खाणींतले संप त्याच्या काळात पेटले होते आणि देश महायुद्धात उतरला तेव्हा त्या तांब्याच्या राज्याचा प्रमुख तोच होता.

आपल्याकडे राज्यपालाची नेमणूक राष्ट्रपती करतात, म्हणून एक खुलासा आधीच केलेला बरा. अमेरिकेतला गव्हर्नर थेट लोकांनी निवडलेला असतो आणि अधिकारांच्या दृष्टीने आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा. अ‍ॅरिझोनात तेव्हा त्याची मुदत दोनच वर्षांची होती. त्यातले एक वर्ष कज्जात गेले.

अशा निवडणुकांच्या कहाण्या सहसा एकेका मताची किंमत पटवून देण्यासाठी सांगितल्या जातात. या प्रकरणात मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. निकाल वादात असताना खुर्चीत बसायचे कोणी, याचे उत्तर न्यायालयाला आधी द्यावे लागते. जिंकले कोण, याचे नंतर. अ‍ॅरिझोनात दोन्ही उत्तरे कायद्याला धरून होती आणि दोन्ही परस्परविरुद्ध निघाली. राज्यावर परिणाम झाला तो पहिल्याचा.

नवे राज्य, जुने मालक

अ‍ॅरिझोना १४ फेब्रुवारी १९१२ ला राज्य झाले. १९१० च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या २,०४,३५४ भरली होती, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढी. वाळवंट, गुरांची कुरणे आणि तांबे. तांब्याच्या खाणी मोजक्या कंपन्यांच्या हातात होत्या आणि त्यांतली फेल्प्स डॉज सर्वांत बलाढ्य. खाण तिची, रेल्वे तिची, गावातले मोठे दुकान तिचे आणि काही ठिकाणी सकाळचे वर्तमानपत्रही तिचेच.

या पार्श्वभूमीवर १९१० साली राज्याची घटना लिहायला बसलेल्या मंडळींनी कंपन्यांचा हात आखडेल अशी कलमे घातली. लोकांना स्वतः कायदा सुचवता यावा, विधिमंडळाचा कायदा लोकमताने फेटाळता यावा आणि नको असलेल्या अधिकाऱ्याला मुदतीपूर्वी परत बोलावता यावे. परत बोलावण्याच्या यादीत न्यायाधीशही होते. राष्ट्राध्यक्ष टाफ्टला ते खपले नाही. त्याने राज्याचा दर्जा अडवून धरला. अ‍ॅरिझोनाने निमूटपणे ते कलम काढले, राज्याचा दर्जा घेतला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लोकमत घेऊन ते पुन्हा घटनेत बसवले. त्याच मतदानात स्त्रियांना मताधिकारही मिळाला. साऱ्या देशात तो मिळायला आणखी आठ वर्षे लागायची होती.

या घटना समितीचा अध्यक्ष होता जॉर्ज हंट. तोच पहिला गव्हर्नर झाला. मिझुरीत जन्मलेला हा माणूस १८८१ मध्ये ग्लोब नावाच्या खाणगावात आला. खानावळीत वाढप्याचे काम केले, खाणीत राबला, पुढे एका दुकानात लागला आणि चढत चढत त्या व्यापारी कंपनीचा अध्यक्ष झाला. टक्कल, भरघोस झुपकेदार मिशा, अवाढव्य देह आणि जेमतेम शिक्षण. खाणीत राबलेला असल्यामुळे कामगार संघटना त्याला आपला मानत. तुरुंगातल्या कैद्यांवर विश्वास टाकून त्यांच्याकडून रस्ते बांधून घेणे आणि फाशीची शिक्षा रद्द करणे हे त्याचे दोन ध्यास होते. विरोधकांनी या दोन्हींची भरपूर टिंगल केली.

हंट आणि कंपन्या यांच्यात कायमची फूट पडली ती १९१५ च्या संपात. सप्टेंबरात क्लिफ्टन-मोरेन्सी भागातल्या तीन तांबे कंपन्यांचे सुमारे पाच हजार कामगार कामावरून उठले. त्यांत मोठा भरणा मेक्सिकन कामगारांचा होता. त्यांना गोऱ्या कामगारांपेक्षा कमी मजुरी मिळे. अमेरिकेतल्या तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे पुढची पायरी ठरलेली असे: गव्हर्नर सैन्य पाठवतो आणि बंदुकांच्या आडोशाने बाहेरून आणलेले बदली कामगार खाणीत उतरतात. कोलोरॅडोत आदल्याच वर्षी लडलोच्या संपकऱ्यांच्या तंबूंवर गोळीबार होऊन आणि तंबू पेटवले जाऊन बायकामुले मेली होती. हंट स्वतः क्लिफ्टनला गेला. राज्याचे रक्षक दल त्याने पाठवले खरे, पण त्याला काम दिले ते बदली कामगारांना आत येऊ न देण्याचे. कंपन्यांचे व्यवस्थापक राज्य सोडून टेक्ससातल्या एल पासोला जाऊन बसले. चार महिन्यांहून जास्त चाललेला हा संप जानेवारी १९१६ मध्ये मजुरी वाढून आणि रक्त न सांडता मिटला.

रक्षक दल पाठवणे हा अधिकार सगळ्याच गव्हर्नरांकडे होता. हंटने तो उलट्या बाजूने वापरला, आणि कंपन्यांना खटकले ते हेच. त्याला मुदतीपूर्वी परत बोलावण्याची मोहीम सुरू झाली. ज्या कलमासाठी त्याने टाफ्टशी पंगा घेतला होता, तेच त्याच्यावर उगारले गेले. मोहीम तडीस गेली नाही, पण १९१६ च्या निवडणुकीचा सूर तिने लावून दिला.

विल्सनला मत, हंटला नाही

रिपब्लिकनांना जिंकण्याची आशा धरायला कारण नव्हते. अ‍ॅरिझोना डेमोक्रॅटांचे राज्य होते. पण टॉमस कॅम्पबेल हा साधासुधा उमेदवार नव्हता. १८७८ साली प्रेस्कॉटमध्ये जन्मलेला, म्हणजे अस्सल तिथलाच. अ‍ॅरिझोनाच्या मातीत जन्मून गव्हर्नरच्या खुर्चीत बसलेला तो पहिला माणूस. १९१४ मध्ये डेमोक्रॅटांनी राज्यभर बाजी मारली तेव्हाही कर आयुक्ताच्या पदावर निवडून येऊन त्याने दाखवले होते की दुसऱ्या पक्षाची मते त्याला मिळू शकतात. त्यात हंटच्या स्वतःच्या पक्षात दुफळी. उमेदवारीसाठीच्या पक्षांतर्गत मतदानात जॉर्ज ओल्नी त्याच्याविरुद्ध उभा राहिला. हंटने ती फेरी जिंकली, पण हरलेले लोक सगळे परत आले नाहीत.

किती आले नाहीत, हे आकड्यांतून जवळजवळ मोजता येते. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्षपदाचेही मतदान होते. अ‍ॅरिझोनात वुड्रो विल्सनला ३३,१७० मते मिळाली, त्याचा रिपब्लिकन प्रतिस्पर्धी ह्यूजला २०,५२२. विल्सन आणि हंट एकाच पक्षाचे, एकाच मतपत्रिकेवर. तरी हंटला विल्सनपेक्षा पाच हजारांहून अधिक मते कमी. कॅम्पबेलला मात्र ह्यूजपेक्षा सात हजारांहून अधिक मते जास्त. तेव्हा ही लढत ‘डेमोक्रॅट विरुद्ध रिपब्लिकन’ अशी नव्हतीच. ती हंटवरच्या कौलाची होती. हजारो मतदारांनी वर विल्सनला आणि खाली कॅम्पबेलला पसंती दिली.

याचा परिणाम नुसत्या निकालावर झाला नाही, मोजणीवरही झाला. मतदार एकाच पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना सरसकट मत देतो तेव्हा मतपत्रिका वाचायला सोपी असते. तो एका पक्षाचा रकाना सोडून मध्येच दुसऱ्या रकान्यातल्या नावावर फुली मारतो तेव्हा घोटाळ्याची शक्यता वाढते: फुली चौकटीत आहे की बाहेर, दोन ठिकाणी आहे का, खोडली आहे का. खाणगावांतून आणि दूरच्या कुरणांतल्या वस्त्यांतून कागदी मतपत्रिका आल्या होत्या आणि त्या हाताळणारे होते तिथलेच चार गावकरी. अशा कारभारात शेकड्याने चुका होणे नवलाचे नाही. एरवी त्या एकमेकींना खाऊन टाकतात आणि कोणी विचारतही नाही.

गणित पाहा. तीस मतांच्या पिछाडीवरून त्रेचाळीस मतांच्या आघाडीवर यायला फरकात त्र्याहत्तरचा पालट लागतो. एक मत एकाकडून काढून दुसऱ्याला दिले तर फरक दोनने बदलतो. म्हणजे जवळजवळ छप्पन्न हजारांत सदतीस मतपत्रिका इकडच्या तिकडे झाल्या तरी पुरे. सोशालिस्ट पक्षाचाही उमेदवार रिंगणात होता आणि त्याची मते या फरकाच्या कितीतरी पट होती. कामगारांची ती मते हंटला मिळाली असती तर हे प्रकरण घडलेच नसते, असे सहज म्हणता येईल. पण इतक्या बारीक फरकात कुठल्याही गोष्टीला निर्णायक म्हणता येते, पावसालाही.

त्याच मतदानात फाशीची शिक्षा रद्द करण्याचा प्रस्तावही लोकांपुढे होता. तो १८,९३६ विरुद्ध १८,७८४ मतांनी, म्हणजे १५२ मतांच्या फरकाने मंजूर झाला. हंटचा कार्यक्रम वाचला आणि हंट पडला, असे पहिल्या मोजणीचे चित्र होते. दोनच वर्षांनी लोकांनी फाशी परत आणली, पण तो वेगळा विषय.

या मतदानात कोण नव्हते तेही सांगायला हवे. मतदाराला इंग्रजी वाचता आले पाहिजे असा कायदा होता. क्लिफ्टनच्या संपात उतरलेले मेक्सिकन कामगार, त्यांतले नागरिक होते तेसुद्धा, बहुतेक त्यातच अडले. मूळनिवासी जमातींना अ‍ॅरिझोनात मत मिळाले ते १९४८ मध्ये. आणि हंटच्या मागे उभ्या असलेल्या कामगार संघटनाही काही सगळ्यांना पोटाशी धरणाऱ्या नव्हत्या: पाचांहून अधिक माणसे कामाला ठेवणाऱ्या मालकाकडे ऐंशी टक्के कामगार मतदार किंवा जन्माने अमेरिकी असले पाहिजेत, असा कायदा त्यांच्याच पाठिंब्याने १९१४ मध्ये लोकमताने झाला होता आणि देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो पुढच्याच वर्षी मोडीत काढला. तेव्हा ‘लोकांनी तीस मतांनी ठरवले’ हे वाक्य जपूनच उच्चारावे.

एक खुर्ची, दोन शपथा

हंटने हार मानली नाही. मोजणीत गैरप्रकार झाल्याचा त्याचा दावा होता आणि दावा करण्याचा त्याला हक्कही होता. पण त्याने आणखी एक गोष्ट केली, ती मात्र मला अजिबात पटत नाही: कार्यालय सोडायला नकार दिला. जानेवारी १९१७ उजाडला तेव्हा राजधानी फीनिक्समध्ये दोन माणसांनी गव्हर्नर म्हणून शपथ घेतलेली होती. हंट राज्य सरकारच्या मुख्य इमारतीतल्या कार्यालयात ठाण मांडून. कॅम्पबेल कार्यालयाबाहेरून आदेश काढतोय. खजिना कोणाच्या सहीने चालायचा, पत्र कोणाला पाठवायचे, कोणालाच कळेना.

कॅम्पबेल सर्वोच्च न्यायालयात गेला. २७ जानेवारी १९१७ ला न्यायालयाने त्याच्या बाजूने निर्णय दिला. त्यामागचा विचार असा: खरा विजेता कोण हे ठरवायला निवडणूक याचिकेची वेगळी वाट आहे आणि ती यथावकाश चालेल. तोवर पद रिकामे राहू शकत नाही आणि दोघांकडेही असू शकत नाही. ज्याच्या नावावर अधिकृत मोजणीचा निकाल आहे त्याच्याकडे प्रथमदर्शनी हक्क जातो, म्हणून कारभार त्याने पाहावा. हंटने कार्यालय सोडले.

हे न्यायालय कोणाचे होते हे लक्षात घेतले तर निर्णयाचे मोल वाढते. अ‍ॅरिझोनाच्या सर्वोच्च न्यायालयात तेव्हा तीन न्यायमूर्ती असत. तेही निवडून येत आणि तिघेही डेमोक्रॅट होते. डिसेंबरातल्या निकालानंतर ‘पक्षाने आपला माणूस बसवला’ अशी बोलणी होणे साहजिक होते, पण त्याच न्यायालयाने जानेवारीत आपल्याच पक्षाच्या माणसाला बाहेर काढले होते. दुसऱ्या निकालाची विश्वासार्हता बऱ्याच अंशी पहिल्यातून आली, असे मला वाटते. जानेवारीत त्यांनी हंटला खुर्चीत राहू दिले असते, तर डिसेंबरचा निकाल कितीही बरोबर असला तरी कोणी तो गंभीरपणे घेतला नसता.

कॅम्पबेलचे वर्ष विचित्र गेले. पद मिळाले, पण त्याचा पगार मिळाला नाही. विधिमंडळ विरोधी पक्षाचे. त्याच विधिमंडळाने २७ फेब्रुवारी १९१७ ला राज्याचा झेंडा ठरवला, मावळत्या सूर्याच्या तेरा किरणांचा आणि मधल्या तांब्याच्या ताऱ्याचा, जो आजही फडकतो. कॅम्पबेलने त्या विधेयकावर सही केली नाही. ते सहीविनाच कायदा झाले. त्याला तो झेंडा का नको होता यापेक्षा मला त्याचे हे वागणे बोलके वाटते. ज्याच्या हक्काचाच खटला चालू आहे असा माणूससुद्धा आपल्या सहीचा अधिकार पुरेपूर वापरत होता.

दरम्यान मारिकोपा काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, न्यायालयात न्यायाधीश आर. सी. स्टॅनफर्डपुढे मतांची तपासणी चालली. दोन्ही पक्षांचे वकील, केंद्राकेंद्रांवरचे साक्षीदार, फुल्यांवरचे वाद. मे महिन्याच्या सुरुवातीला स्टॅनफर्डने कॅम्पबेलच जिंकल्याचा निर्णय दिला. हंट अपिलात गेला. अपिलाचा निकाल लागायला आणखी साडेसात महिने लागले, आणि अ‍ॅरिझोनाच्या इतिहासातले सर्वांत लाजिरवाणे प्रकरण नेमके त्या साडेसात महिन्यांत घडले.

बिस्बी

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली. काडतुसे, तारा, दारूगोळा, सगळ्याला तांबे लागत होते. भाव चढले, कंपन्यांचा नफा चढला, महागाई चढली, आणि मजुरी त्या मानाने मागे राहिली. उन्हाळ्यात जेरोम, ग्लोब, मायामी, क्लिफ्टन, बिस्बी असे एकामागून एक संप सुरू झाले. काही ठिकाणी जहाल ‘इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड’ ही संघटना पुढे होती. युद्धकाळात तिच्या नावाने लोकांच्या अंगावर काटा येई, आणि कंपन्यांनी त्या भीतीचा पुरेपूर उपयोग केला.

बिस्बीत संप २६ जूनच्या सुमारास सुरू झाला. कॅम्पबेलने केंद्राकडे सैन्य मागितले. त्याच्याकडे दुसरा मार्गच नव्हता, कारण मेक्सिकोच्या सीमेवरच्या गडबडीमुळे आणि मग युद्धामुळे राज्याचे रक्षक दल केंद्राच्या सेवेत गेले होते. सैन्याने लेफ्टनंट कर्नल जेम्स हॉर्नब्रुकला पाहणीसाठी धाडले. त्याने कळवले की बिस्बीत सगळे शांत आहे. काही दिवसांनी पुन्हा पाहणी, पुन्हा तेच उत्तर. सैन्य आले नाही.

१२ जुलैच्या पहाटे कोचीस काउंटीचा शेरीफ, म्हणजे पोलिसप्रमुख, हॅरी व्हीलर याने सुमारे दोन हजार हत्यारबंद माणसे रस्त्यांवर उतरवली. ओळखण्यासाठी दंडाला पांढरी पट्टी. घराघरांतून संपकरी, संपकऱ्यांचे स्नेही आणि नुसते संशयित बाहेर काढले गेले. चकमकीत दोघे मेले, दोन्ही बाजूंचा एकेक. उरलेल्यांना बंदुकांच्या धाकाने चालवत नेऊन गुरांच्या डब्यांत कोंबले. ११८६ माणसे, तेवीस डबे, फेल्प्स डॉजच्या ताब्यातली रेल्वे. बाहेर बातमी जाऊ नये म्हणून तार आणि टेलिफोनवर पहारा बसवला होता. गाडी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात हर्मानास नावाच्या ठिकाणी त्यांना सोडून परत फिरली. शेवटी सैन्यानेच त्यांना कोलंबस गावाजवळच्या छावणीत नेऊन खाऊ घातले. बरेच जण सप्टेंबरपर्यंत तिथे होते. यापूर्वी दोनच दिवस जेरोममध्ये याच प्रकाराची छोटी आवृत्ती झाली होती: सदुसष्ट माणसे गाडीत घालून हाकलली होती.

राष्ट्राध्यक्ष विल्सनने नेमलेल्या आयोगाने, ज्याचा सचिव पुढे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती झालेला तरुण फेलिक्स फ्रँकफर्टर होता, नोव्हेंबरात अहवाल दिला. बिस्बीतली ही हद्दपारी पूर्णपणे बेकायदा होती, राज्याच्या कुठल्याही कायद्यात तिला आधार नव्हता आणि केंद्राच्याही नव्हता, असे त्यात स्वच्छ म्हटले होते.

आणि या सगळ्यात हंट कुठे होता? ग्लोबमध्ये. जुलैत केंद्रीय कामगार खात्याने ग्लोब-मायामीच्या संपात मध्यस्थ म्हणून त्याला आणि जॉन मॅकब्राइडला नेमले होते. ज्या गावात पस्तीसेक वर्षांपूर्वी तो वाढपी होता तिथेच तो आता संपकऱ्यांशी बोलत होता. राज्याचा कायदेशीर गव्हर्नर, जसे पाच महिन्यांनी ठरणार होते, त्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनचा हंगामी नोकर म्हणून आपल्याच राज्यात फिरत होता. अशी परिस्थिती एखाद्या नाटककाराने लिहिली असती तर जरा अतीच झाले म्हटले असते.

खुर्चीत हंट असता तर?

या प्रकरणाचा अभ्यास करताना हा प्रश्न टाळता येत नाही, आणि त्याचे सोपे उत्तर मोहात पाडते: हंट असता तर बिस्बी झाले नसते. क्लिफ्टन आठवा, मग निष्कर्ष काढा. मी इतके ठाम म्हणणार नाही.

क्लिफ्टनमध्ये हंटच्या हाती रक्षक दल होते. १९१७ मध्ये त्याच्याही हाती ते नसते. कॅम्पबेलप्रमाणे त्यालाही केंद्राकडे हात पसरावा लागला असता, आणि हॉर्नब्रुकचा अहवाल तोच आला असता. शेरीफ हा स्वतंत्रपणे निवडून आलेला अधिकारी. तो गव्हर्नरच्या हुकमाखाली नव्हता. युद्धाच्या वातावरणात, तारा रोखून, पहाटेच्या अंधारात केलेली कारवाई फीनिक्समधून थांबवणे कोणालाही अवघड होते.

पण दुसरी बाजूही आहे. दोन हजार माणसे एका पहाटेत गोळा होत नाहीत. कंपन्या आणि शेरीफ हे धाडस करतात तेव्हा वरून काय होईल याचा अंदाज त्यांनी बांधलेला असतो. क्लिफ्टनमध्ये बदली कामगारांना वेशीवर अडवणारा आणि स्वतः संपाच्या गावात जाऊन उभा राहणारा गव्हर्नर राजधानीत असता, तर तो अंदाज वेगळा असता. हंटकडे सैन्य नसते, पण गाजावाजा करायची ताकद होती, आणि जूनच्या अखेरीस तो बिस्बीत जाऊन बसला नसता असे मला तरी वाटत नाही. कॅम्पबेल कंपन्यांचा हस्तक होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्याने सैन्य मागितले होते. मात्र आपल्या पायाखालची जमीन आपली आहे की नाही हे ज्याला ठाऊक नाही, पगारही ज्याला मिळत नाही, असा गव्हर्नर बलाढ्य कंपनीशी किती भिडणार? कॅम्पबेलच्या जागी कोणीही असता तरी हा दुबळेपणा उरलाच असता. तो माणसाचा नव्हता, तशा बसवलेल्या खुर्चीचा होता.

जानेवारीचा निर्णय चुकला होता असे मला म्हणायचे नाही. मोजणीत पुढे असलेल्याला तात्पुरता कारभार देणे याखेरीज न्यायालयाकडे शहाणपणाचा पर्याय नव्हता. दोष असलाच तर वेळापत्रकाचा. दोन वर्षांच्या पदाच्या वादाला खालच्या न्यायालयात चार महिने आणि वर साडेसात महिने लागत असतील, तर याचिका जिंकणाऱ्याच्या हाती अर्धीच मुदत येते. आणि उरलेली अर्धी ज्याने भोगली त्याच्याकडून काही वसूल करता येत नाही. त्या काळात केलेल्या नेमणुका, अडवलेली विधेयके, न पाठवलेली माणसे, यांतले काहीच परतीच्या हिशेबात बसत नाही.

नाताळ, आणि पुढे

२२ डिसेंबरच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वादातल्या मतपत्रिकांबाबत स्टॅनफर्डचे म्हणणे उलटवले आणि हंटला त्रेचाळीस मतांनी विजयी ठरवले. २५ डिसेंबरला, नाताळच्या दिवशी, हंट पुन्हा गव्हर्नर झाला. कॅम्पबेल तंटा न करता बाजूला झाला. हंटने जानेवारीत हे केले नव्हते, हे नोंदवून ठेवायला हवे.

हंटच्या हाती वर्ष उरले होते, आणि बिस्बी होऊन गेले होते. मे १९१८ मध्ये केंद्राने एकवीस जणांवर आरोपपत्र ठेवले, पण ते न्यायालयात टिकले नाही. १९२० मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की असा गुन्हा चालवणे हे राज्याचे काम, केंद्राचे नाही. राज्याने एकावर खटला चालवला. ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले. बिस्बीतून हद्दपार केल्याबद्दल शेवटी एकालाही शिक्षा झाली नाही.

१९१८ च्या निवडणुकीत हंट उभा राहिला नाही. डेमोक्रॅटांनी फ्रेड कोल्टरला उभे केले आणि कॅम्पबेलने त्याला ३३९ मतांनी हरवले. आता मात्र पगारासकट गव्हर्नर. १९२० मध्ये तो पुन्हा निवडून आला. हंटला विल्सनने सयामला, म्हणजे आजच्या थायलंडला, राजदूत म्हणून पाठवले. तिथून परतून १९२२ मध्ये त्याने कॅम्पबेललाच हरवले आणि यावेळी फरक हजारोंचा होता. हंट एकूण सात वेळा गव्हर्नर झाला, त्यांतली १९२६ ची निवडणूक पुन्हा अवघ्या ३९९ मतांची. कॅम्पबेल शेवटचा उभा राहिला तो १९३६ मध्ये, आणि मोठ्या फरकाने पडला. त्याला पाडणारा डेमोक्रॅट उमेदवार होता आर. सी. स्टॅनफर्ड, मे १९१७ मध्ये त्याच्या बाजूने निकाल देणारा न्यायाधीश.